डे कॅम्पला राहायच्या शिबिराचा फील कसा आणायचा: तंबू नंतर, आधी रात्रीचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहरातला पाच दिवसांचा डे कॅम्प, सकाळी नऊ ते दुपारी चार, मुलं ७ ते १२ वयाची, हाताशी एक हॉल, एक गच्ची आणि छोटंसं मैदान, मुक्कामाची परवानगी नाही आणि मिळणारही नाही, तरी मुलांना निवासी शिबिराला आल्यासारखं वाटायला हवं, तर काय करायचं? मी दोन्ही प्रकारची शिबिरं बरीच वर्षं चालवत आलोय म्हणून जरा लांबलचक लिहितो, सावकाश वाचा.

या प्रश्नावर लोक सगळ्यात आधी सामान आणायला धावतात. तंबू आणू, हॉलमध्ये नकली शेकोटी करू, भिंतीवर जंगलाचे पडदे लावू वगैरे. वाईट नाही, पण मुलांना दुसऱ्या दिवशी त्याचं काही वाटत नाही. राहायच्या शिबिरात नेमकं काय होतं ते बघा ना, तिथे कोणी घरी जात नाही एवढंच होतं. सकाळी झालेलं भांडण संध्याकाळपर्यंत मिटवावंच लागतं कारण रात्री त्याच खोलीत झोपायचंय, अर्धवट राहिलेला खेळ जेवणानंतर पुढे चालू होतो, काल रात्री कोण घोरत होतं यावर सकाळी हसायला मिळतं. म्हणजे आठवडा सलग असतो. डे कॅम्पचं दुखणं हे की रोज चार वाजता तो तुटतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करावा लागतो, असे पाच वेळा. पाच दिवसांचा एक कॅम्प न होता एकेका दिवसाचे पाच कॅम्प होतात. तेव्हा माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे, रोजच्या त्या सतरा तासांच्या खिंडारावरून पूल कसा टाकायचा. बाकी तंबूबिंबू त्यानंतर.

गेटपासून सुरुवात करू. बहुतेक डे कॅम्पमध्ये पालक हॉलच्या दारापर्यंत येतात, मुलाची बाटली नीट करतात, ताईशी दोन मिनिटं बोलतात, मग मूल आत येतं आणि तोपर्यंत ते अजून घरातच असतं, डोक्याने. निवासी शिबिराला प्रवास असतो, बस असते, सामान उतरवणं असतं, त्यात माणूस हळूहळू इकडचा होतो. आर्नल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये जगभरातल्या दीक्षाविधींवर लिहिताना तीन टप्पे सांगितले होते, आधी जुन्यातून तुटणं, मग मधली अवस्था, मग परत येऊन सामील होणं, आणि शिबिराला हे अगदी जसंच्या तसं लागू पडतं. तुमच्याकडे प्रवास नाही तर तयार करा. पालकांची हद्द बाहेरच्या गेटपर्यंत, त्यापुढे नाही म्हणजे नाही, आजी आल्या तरी नाही. आणि गेटपासून हॉलपर्यंत सरळ रस्ता असेल तर मुद्दाम तो घेऊ नका, मागून वळसा घालून, जिन्याने गच्चीवर, तिथून खाली, अशी पाच-सात मिनिटांची वाट ठरवा, आणि त्या वाटेवर रोज तेच करायचं, एक दोरी ओलांडायची, आपापल्या गटाची खूण उचलायची, काहीही, पण रोज तेच. मुलं बसने येत असतील तर मग कॅम्प बसमध्येच सुरू झाला पाहिजे, त्यांचीच ताई बसमध्ये हवी, अनोळखी अटेंडंट नको.

उशिरा येणाऱ्यांचं काय, हा प्रश्न येणारच कारण शहरात रोज दोन-चार मुलं उशिरा येतात. त्यांना रिसेप्शनवरून थेट आत ढकलू नका. त्यांच्या गटातलं एक मूल गेटवर जाऊन त्यांना त्याच वळशाच्या वाटेने घेऊन येईल, वाटेत आत्तापर्यंत काय झालं ते सांगत. गेटवर जाण्याची ही ड्यूटी मुलांना इतकी आवडते की नंतर त्यासाठी रांग लागते.

आता गट. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर जे प्रयोगाचं शिबिर घेतलं त्यात वीसेक मुलं होती, काही बड्या घरच्या शाळांतली आणि काही साध्या कामकरी घरांतली, आणि त्यांनी काय केलं तर सगळ्यांना मिसळून चार टोळ्या केल्या, प्रत्येक टोळीला तिचा मोठा मुलगा नायक आणि राहायला तिचा स्वतःचा तंबू. पुढे सगळी स्काउटिंग त्या टोळीपद्धतीवर उभी राहिली. शिबिर म्हणजे तो छोटा गट, साठ मुलांचा जमाव नव्हे. डे कॅम्पमध्ये मात्र आपण काय करतो, चित्रकला आवडणारे इकडे, क्रिकेटवाले तिकडे, दुपारी वयाप्रमाणे वेगळी विभागणी, आणि मग पाच दिवसांनी मुलाला फक्त आधीपासून ओळखीची दोन मुलं माहीत असतात. एकच गट, आठ ते दहा मुलांचा, तीच ताई किंवा तोच दादा, पहिल्या सकाळपासून शेवटच्या दुपारपर्यंत. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकांप्रमाणे डे कॅम्पला ६ ते ८ वयाच्या आठ मुलांमागे एक मोठं माणूस आणि ९ ते १४ च्या दहा मुलांमागे एक लागतं, निवासीला हेच आकडे सहा आणि आठ आहेत. मी म्हणेन की निवासीचा फील हवा असेल तर निवासीचाच आकडा धरा, माणसं वाढतात, खर्च वाढतो, पण तंबूंवर घालणार होतात ते पैसे इथे घाला.

एका शाळेतले दोन जिगरी दोस्त असतील तर त्यांना एकत्र राहू द्या, उगाच तोडून काही साधत नाही. पण पाच जणांचं टोळकं आलं तर मात्र वाटून टाका, नाहीतर त्या गटातली उरलेली तीन मुलं आठवडाभर पाहुणी म्हणून राहतात.

गटाला स्वतःची जागा हवी, आणि ती रात्रभर तशीच राहायला हवी. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलांनी सोमवारी जे बांधलं ते मंगळवारी तिथेच दिसलं पाहिजे. गच्चीवर किंवा काँक्रीटवर खुंट्या ठोकता येत नाहीत म्हणून लोक ताडपत्रीचा नाद सोडतात, पण वीस लिटरचा पाण्याचा कॅन भरला की वीस किलोचं वजन झालं, त्याच्या मुठीला दोरी बांधली की तीच खुंटी. दोन खांबांमध्ये छातीइतक्या उंचीवर एक दोरी ताणायची, तिच्यावरून ताडपत्री टाकायची, चार कोपरे चार कॅनना, आणि गाठी मुलांनीच मारायच्या, सुटल्या तर सुटू द्यायच्या, सुटल्याशिवाय गाठ शिकत नाही कोणी. वारा सुटला तर मात्र ताबडतोब खाली उतरवायचं, यात हुशारी नको, गच्चीवरून उडालेली ताडपत्री आणि तिला लटकलेला कॅन हा विनोद नाहीये. हॉल संध्याकाळी दुसऱ्या कोणाला द्यावा लागत असेल तर प्रत्येक गटाला एक मोठी पेटी द्या, त्यांची चटई, कंदील, वही, गटाचा झेंडा सगळं त्यात, आणि सकाळची पहिली पाच मिनिटं पेटी उघडून घर मांडायची.

गट केले की लगेच कोणीतरी पॉइंट्सचा तक्ता लावतं. आठवडाभर गुण, शेवटी ट्रॉफी. माझा याला स्पष्ट विरोध आहे. मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांचा १९५४ चा रॉबर्स केव्हचा प्रयोग म्हणजे मुळात एक निवासी शिबिरच होतं, ओक्लाहोमात, साधारण अकरा वर्षांची २२ मुलं, दोन गट, आधी एकमेकांपासून वेगळे ठेवलेले आणि मग बक्षिसांसाठी स्पर्धा लावलेली. थोड्याच दिवसांत मुलं एकमेकांचे झेंडे जाळायला आणि खोल्यांवर धाडी घालायला लागली. नुसतं एकत्र जेवायला बसवून ते निवळलं नाही. निवळलं कशाने तर दोन्ही गटांना मिळूनच सुटेल अशी कामं आल्यावर, पाण्याचा पुरवठा बंद पडला तो शोधायचा, बंद पडलेला ट्रक दोरीने ओढायचा वगैरे. आता त्यांच्याकडे निदान चोवीस तास होते ते दुरुस्त करायला. तुमच्याकडे हरलेलं मूल चार वाजता घरी जातं, रात्रभर ते मनात घोळवतं आणि सकाळी पोट दुखतंय म्हणतं. खेळात हारजीत असू द्या, झेंडा पळवायचा खेळ खेळा की जोरात, पण तो निकाल त्या खेळाबरोबरच संपला पाहिजे. आणि रोज एक काम असं ठेवा जे सगळ्या गटांनी मिळूनच होतं.

कामावरून आठवलं, मुलांना कामाला लावा! डे कॅम्पमध्ये मूल गिऱ्हाईक असतं, त्याच्यासमोर एकामागून एक ॲक्टिव्हिटी आणून ठेवली जाते, मागचा पसारा दुसरं कोणीतरी आवरतं. राहायच्या शिबिरात मूल तिथलं रहिवासी असतं, ताट घासतं, झाडू मारतं, पाणी भरतं, आणि हे आपलं आहे ही भावना मला विचाराल तर तिथूनच येते, गाण्यांतून नाही. पुठ्ठ्याचं एक गोल चक्र करा, त्यावर गटांची नावं आणि कामं, रोज एक घर पुढे सरकवायचं. वाढपी, ताटं, हॉल झाडणं, झाडांना पाणी, प्रथमोपचाराची पेटी तपासणं (हे काम मुलं सगळ्यात गंभीरपणे करतात, का कोण जाणे). वीस मिनिटं पुरतात. पालकांचा फोन येईल की आम्ही एवढी फी भरतो आणि तुम्ही मुलांना झाडायला लावता, तर हे आधीच माहितीपत्रकात लिहा म्हणजे नंतर वाद नको.

जेवण पण त्यातच आलं. डबा घरचा असेल तरी चालतो पण प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यात बसून स्वतःचा डबा संपवायचा हे नको, गटाची एक चटई, सगळे बसेपर्यंत कोणी सुरू करायचं नाही, ताई-दादा पण तिथेच त्यांच्याबरोबर जेवणार, स्टाफचं वेगळं टेबल बंद. जेवण तुम्ही देत असाल तर मोठ्या भांड्यातून मुलांनीच वाढायचं. ॲलर्जीची यादी मात्र वाढणाऱ्या प्रत्येक ताई-दादाच्या खिशात पाहिजे, ऑफिसातल्या फाइलमध्ये असून उपयोग नाही.

दुपारच्या जेवणानंतरचा तास हा माझ्या मते डे कॅम्पमधला सगळ्यात वाया घालवलेला तास आहे. तेव्हा मुलं सुस्त असतात म्हणून लोक व्हिडिओ लावतात. निवासी शिबिरात रात्री दिवा मालवल्यावर खोलीत जे होतं, अंधारात हळू आवाजात गप्पा, कोणीतरी घरचं काहीतरी सांगतं, कोणी देवाबिवाबद्दल विचारतं, ते सगळं तुम्हाला या तासात आणता येतं. पडदे ओढा, गटाच्या ताडपत्रीखाली किंवा चटईवर सगळे आडवे, पहिली वीस मिनिटं बोलायचं नाही, झोपलात तर झोपलात. मग ताई एका लांब गोष्टीचं एक प्रकरण वाचणार, रोज एकच, आणि अशा ठिकाणी थांबणार की मुलं ओरडली पाहिजेत. मुलं उद्यासाठी काहीतरी मनात घेऊन घरी जातात ते यातूनच. उरलेल्या वेळात वाचा, लिहा, छताकडे बघत पडा. बारा वर्षांची मुलं पहिल्या दिवशी म्हणतील आम्ही काय लहान आहोत का, तिसऱ्या दिवशी तीच सगळ्यात आधी चटई टाकतात.

याच तासात बुधवारी टपाल वाटायचं. म्हणजे पालकांकडून पहिल्याच दिवशी गेटवर एकेक बंद पाकीट घेऊन ठेवायचं, आत हाताने लिहिलेलं पत्र, आणि ते आठवड्याच्या मध्यावर मुलांच्या हातात द्यायचं. ऐकायला विचित्र वाटतं की संध्याकाळी भेटणारच आहेत तर पत्र कशाला, पण आई-बाबा गाडीत बसल्यावर जे बोलत नाहीत ते कागदावर लिहितात आणि मूल ते पत्र घडी करून खिशात ठेवतं. ज्यांच्या घरून पत्र आलं नाही त्यांच्यासाठी त्यांच्या ताईने आधीच लिहून ठेवायचं, एकही मूल रिकाम्या हाताने राहता कामा नये.

वेळापत्रकाबद्दल फार लिहीत नाही. चाळीस मिनिटांच्या तासिका आणि घंटा काढून टाका, ती शाळा झाली. दीड-दीड तासाचे दोन मोठे भाग सकाळी-दुपारी आणि एक तास असा ज्यात काहीच ठरलेलं नाही, फक्त सामान आणि मोठी माणसं हजर. आठवडाभर चालणारं एक तरी काम प्रत्येक गटाकडे हवं, तराफा, नकाशा, भिंतीवरचं चित्र, काहीही, जे रोज अर्धवट सोडूनच जावं लागतं.

आता मुख्य मुद्दा, रात्र. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एक म्हणजे मुलं नसताना कॅम्पात काय होतं आणि दुसरी म्हणजे अंधार.

पहिल्यासाठी मला सगळ्यात आवडणारी युक्ती म्हणजे पावलांचा ट्रे. एक उथळ पसरट ट्रे, त्यात बारीक रेती, किंचित ओलसर, पट्टीने एकदम सपाट केलेली, मधोमध थोडंसं खाणं, आणि निघताना तो मैदानाच्या कडेला, कुंपणाजवळ, झाडाखाली ठेवून जायचं. सकाळी आल्या-आल्या पहिलं काम ट्रे बघायचा. मांजर, उंदीर, खार, पक्षी, कधी कुत्रा सगळाच उलथवून गेलेला. मांजराच्या ठशात सहसा नख दिसत नाही कारण चालताना ते नखं आत घेतं आणि कुत्र्याच्या ठशात दिसतं, एवढं कळलं तरी मुलं तासभर भांडतात. वहीत चित्र काढायचं, तारीख टाकायची, ट्रे पुन्हा सपाट करायचा. आणि मग चार वाजता निघताना मूल मागे वळून बघतं कारण आता त्या जागेला रात्र आहे, आपण नसताना तिथे कोणीतरी येणार आहे. कोंब यायला ठेवलेल्या बिया, वाळायला ठेवलेली माती, पाऊस मोजायची बाटली, सगळं याच जातीचं, पण ट्रेची सर कशाला नाही.

उलट बाजूने, कॅम्पातून रात्रीसाठी काहीतरी घरी जाऊ द्या. गटाची वही रोज एकाकडे, त्याने रात्री त्यात एक पान लिहायचं आणि सकाळी गोलात वाचायचं. आणि चंद्र! तारखा तुमच्या हातात असतील तर चंद्र बघून ठरवा. अमावस्येनंतर साधारण आठवड्याने अर्धा चंद्र असतो, तो दुपारी बाराच्या सुमारास उगवतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे चार वाजता कॅम्प सुटताना तो दिवसाउजेडी पूर्वेकडे व्यवस्थित वर आलेला दिसतो. शहरात तारे दिसोत न दिसोत, चंद्र कोणी झाकू शकत नाही. निघताना सगळ्यांनी एकदा बघायचा आणि रात्री आठला सगळ्यांनी आपापल्या घरून, खिडकीतून, गच्चीवरून परत बघायचा, कुठे आहे, किती तिरपा आहे, आणि वहीत काढायचा. रोज तो सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि थोडा फुगतो, पाच दिवसांत हे मुलांना न शिकवता कळतं. पण खरं सांगायचं तर खगोलशास्त्र हा बहाणा आहे, आठ वाजता आपला सगळा गट एकच गोष्ट बघतोय हे मुलाला माहीत असणं, त्यासाठी हा उद्योग.

दुसरं, अंधार. हॉल खरंच काळोखा करता आला तर फार मजा येते. खिडक्यांना काळं जाड प्लास्टिक लावा, उजेड सगळ्यात जास्त दाराच्या फटीतून येतो तिथे गुंडाळलेली सतरंजी. बाहेर जायचं दार आणि त्यावरची आपत्कालीन पाटी कधीही झाकायची नाही, तेवढा उजेड राहिला तर राहिला. आणि घाई करू नका, डोळ्यांना अंधाराची सवय पूर्ण व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, पाच मिनिटांत दिवा लावला तर मुलांना नुसता काळोख दिसला, अंधारात दिसायला लागण्याचा अनुभव आलाच नाही. त्या वेळात आवाज ऐका, पंख्याचा, रस्त्याचा, शेजारच्याच्या श्वासाचा. मग रंगीत कागदाचे तुकडे वाटा आणि लाल कुठला निळा कुठला विचारा. कोणालाच धड सांगता येत नाही कारण इतक्या मंद उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, लाल तर चक्क काळा दिसतो. त्याच कारणाने बॅटरी लागलीच तर लाल कागद लावलेली वापरा, अंधाराची सवय मोडत नाही. घाबरणारी मुलं असतातच, त्यांना दाराजवळ एका ताईशेजारी बसवा आणि केव्हाही बाहेर जायची मुभा द्या, जबरदस्ती नाही. सात वर्षांच्या मुलांना भुताच्या गोष्टी अजिबात सांगू नका, रात्री घरी त्यांना झोपवायला तुम्ही नसणार आहात.

शेकोटीचं म्हणाल तर बंद जागेत ज्योत नको, धूर आणि कार्बन मोनॉक्साइड हा खेळ नाही. मधे एक कंदील, बॅटरीचा, बस झालं. लाकडं रचून आत दिवा ठेवायची नकली शेकोटी लहान मुलांना चालते, पण बारा वर्षांचं मूल हसतं आणि एकदा हसलं की गोल मोडला. शेकोटीला शेकोटीपण आगीने निम्मंच येतं, उरलेलं बसण्याने आणि क्रमाने येतं. खांद्याला खांदा लागेल इतका घट्ट गोल, सगळ्यांचे चेहरे सगळ्यांना दिसणारे, उजेड कमी, आणि कार्यक्रम चढता नाही तर उतरता. आधी आरडाओरड्याची गाणी, हातवारे, नकला, मग हळू गाणं, मग गोष्ट, मग दिवसात काय झालं ते दोघा-तिघांनी सांगायचं, मग एक शांत गाणं जे रोज तेच. लोक उलट करतात, शेवटी डीजे लावतात, मुलं उड्या मारत बाहेर पडतात आणि गाडीत बसेपर्यंत सगळं विसरतात.

हे सगळं करून पण एक खरी संध्याकाळ मिळवाच. पाचपैकी एक दिवस दुपारी दोनला सुरू करा आणि रात्री नऊला संपवा, तास तेवढेच, स्टाफवर बोजा थोडाच जास्त. पाहिजे तर बाकी सगळं सोडा पण हे करा. सूर्य मावळताना मुलं एकत्र असणं, बॅटऱ्या घेऊन गच्चीवर फिरणं, अंधारात एकत्र जेवणं. आणि हा दिवस शेवटचा ठेवू नका, शेवटच्याच्या आदला ठेवा. कारण रात्रीइतकीच महत्त्वाची असते ती तिच्यानंतरची सकाळ, "काल रात्री तू कसला घाबरला होतास" हे बोलायला उद्या एकत्र यायला हवं. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, गेटवर चांगला उजेड ठेवा, ने-आण कोण करणार याची यादी लेखी घ्या. रात्र जमणारच नसेल तर पहाट करा, साडेपाच-सहाला या, पक्षी तेव्हाच सगळ्यात जास्त बोलतात आणि शहर तेवढ्यापुरतं गप्प असतं. पालक कुरकुरतील, येतील.

घरी जायची वेळ ही सगळ्यात नाजूक. गोल बसलाय, शांत गाणं चालू आहे आणि दारातून कोणीतरी ओळखपत्र दाखवत हाक मारतंय, गेलं सगळं पाण्यात. म्हणून शेवटचा गोल सुटायच्या वेळेआधी वीस मिनिटं संपवा, मग त्याच वळशाच्या वाटेने उलटं गेटपर्यंत चालत जा, दोरी ओलांडा, आणि सह्या-बिह्या गेटच्या बाहेरच्या बाजूला. ज्याला लवकर जायचंय त्याचं सकाळीच कळलं पाहिजे, त्याला गटाने निरोप द्यायचा आणि ताईने गेटवर सोडायचं, माइकवरून नाव पुकारायचं नाही.

मोबाइल मुलांकडे नकोतच, यात चर्चा नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सहावीच्या वर्गातली मुलं पाच दिवस स्क्रीनशिवाय शिबिरात राहिल्यावर चेहऱ्यावरच्या आणि देहबोलीतल्या भावना ओळखण्यात आधीपेक्षा सुधारलेली दिसली. ते निवासी होतं, तुमची मुलं संध्याकाळी टीव्हीसमोर बसणारच, ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात आहे ते तुमच्याच फोनचं. दर तासाला पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकणं बंद करा. फोटो गेले की मूल घरी पोचायच्या आधीच आईला सगळं माहीत, मग मुलाकडे सांगायला उरतं काय? सुरक्षित आहेत एवढा एक मेसेज दुपारी, फोटो सगळे आठवडा संपल्यावर एकदम.

ताई-दादांबद्दल एकच. निवासी शिबिरात ते मुलांना सकाळी चिडलेलं, रात्री रडवेलं असं सगळं बघतात, डे कॅम्पमध्ये त्यांना मुलाची फक्त दुपारची बाजू दिसते. म्हणून मुलं गेल्यावर रोज वीस मिनिटं बसा आणि गटातल्या प्रत्येक मुलाचं नाव घेऊन बोला, आज हा कोणाबरोबर बसला, काय बोलला, ज्याच्याबद्दल कोणालाच काही आठवत नाही ते मूल उद्या सकाळी पहिलं बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी एखादं मूल गेटवर रडतं, यायचं नाही म्हणतं, ती घरची आठवणच असते, फक्त डे कॅम्पमध्ये ती सकाळी येते. त्याला ट्रे बघायला न्या.

शेवटच्या दिवशी पालकांसाठी स्टेज कार्यक्रम ठेवू नका, त्याच्या तालमी अख्खा आठवडा खातात. पालकांना तासभर आधी बोलवा, मुलंच त्यांना वळशाच्या वाटेने आत आणतील, आपली ताडपत्री, ट्रे, वही दाखवतील, मग पालकांनी परत गेटबाहेर जायचं आणि मुलांनी ताडपत्री स्वतः सोडायची, गाठी स्वतः उकलायच्या, कॅनमधलं पाणी झाडांना, आणि मग शेवटचा गोल फक्त त्यांचा. सर्टिफिकेट द्यायचंच असेल तर छापील नको, गटाच्या ताईने प्रत्येकासाठी दोन ओळी हाताने लिहाव्यात, आणि त्या आदल्या दिवशीच लिहून ठेवायला सांगा, शेवटच्या दिवशी कोणालाही वेळ मिळत नाही.